वैद्यबाईंनी स्वतःसाठी कुटलेले चूर्ण

मित्रांनो, मागच्या अंगणात नळाजवळ एक काळा दगड पडलेला दिसतो ना, काठापासून तळापर्यंत तडा गेलेला? तो मी. औषधे कुटायचा दगडी खल. आता माझ्यात चिमूटभर चूर्णही राहत नाही, तड्यातून गळून जाते. पण एके काळी या गल्लीतल्या निम्म्या लोकांची मेलेली भूक माझ्या पोटातल्या औषधाने जागी केली आहे. ही बढाई नाही. बढाई मारण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेलेच नाही.

मी खाणीतून निघालो तेव्हा नुसता ओबडधोबड धोंडा होतो. एका पाथरवटाने मला निवडले. आयुष्यभर छिन्नीचे घाव ऐकून त्याचा एक कान गेला होता. तो दगडावर हातोडीची हलकी टिचकी मारायचा आणि चांगला कान जवळ नेऊन ऐकायचा. माझा आवाज ऐकून म्हणाला, "हा आतून धड आहे." अकरा दिवस त्याने मला पोखरले. दुखले का म्हणाल, तर दुखले. पण ज्या दिवशी त्याने माझ्या पोकळीत हात फिरवला आणि त्याला कुठेही खरखर लागली नाही, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की आपण कुणाच्या तरी कामाचे झालो.

मला घ्यायला आली ती एक तरुण बाई. नुकतीच वैद्यकी शिकून आलेली. तिने डोळे मिटून बोटांच्या टोकांनी मला आतून चाचपले.

"याचे कण सुटणार नाहीत ना? लोकांच्या पोटात जायचं आहे."

"पहिले आठ दिवस भरडे तांदूळ कुटा न् फेकून द्या," पाथरवट म्हणाला. "त्यानंतर एक जरी कण सुटला, तर हाच खल आणून माझ्या डोक्यात घाला."

ती खळखळून हसली. तिला पुढे सगळे वैद्यबाई म्हणू लागले.

वैद्यबाईंचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक लांब बाक, एक टेबल आणि भिंतभर डबे. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणे, राहणे सगळे. दारासमोर तीन दगडी पायऱ्या, आणि रस्त्यापलीकडे बसगाड्यांचे आगार. घरात माणसे दोनच. वैद्यबाई आणि त्यांची नणंद. वैद्यबाईंचे यजमान लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तापाने गेले. मागे राहिल्या त्या दोघी, आणि मग एकमेकींना धरूनच राहिल्या. वैद्यबाई तिला वन्सं म्हणत, ती वैद्यबाईंना वहिनी. एवढी वर्षे एका ताटात जेवल्यासारख्या राहिल्या, पण दोघींच्या तोंडात एकमेकींसाठी कायम "तुम्ही".

कुटायचे काम नणंदेचे. सकाळी सातला ती मांडी घालून माझ्यासमोर बसे. डाव्या हाताचा तळवा माझ्या काठावर आडवा धरायचा, म्हणजे दाणा बाहेर उडत नाही, आणि उजव्या हातात बत्ता. ओवा आणि जिरे चटकन शरण येत. सुंठ मात्र चिवट. कुटून बारीक झाली तरी तिचे तंतू मागे राहत, म्हणून चूर्ण फडक्यातून गाळून घ्यावे लागे. हिरडा कुटताना नणंद त्याच्याशी भांडायची. "फूट मेल्या, फूट! तुझ्यापेक्षा माझा भाऊ कमी हट्टी होता." तुपावर फुलवलेला हिंग पडला, की त्याचा वास माझ्या अंगात आठ-आठ दिवस मुरून राही.

पण वैद्यबाईंचे खरे औषध माझ्यात कुटले जात नसे. ते त्यांच्या प्रश्नांत होते.

"काल काय खाल्लंत? भूक लागली म्हणून खाल्लंत, की घड्याळात वाजले म्हणून? आधीचं पचलं होतं? जेवताना कुणाशी भांडलात का?"

बाकावरचे लोक हसत. एक जण म्हणाला, "बाई, जेवताना भांडायचं नाही म्हणता, मग बायकोशी बोलायचं तरी केव्हा?"

वैद्यबाई हसत, पण प्रश्न सोडत नसत. त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते: गरम, ताजे, भुकेपुरते आणि बसून. कुणाला मुगाचे पातळ कढण सांगत, कुणाला दुपारच्या जेवणानंतर ताक, कुणाला फक्त रात्रीचे जेवण दोन तास अलीकडे आणायला. पुडी हातात देताना म्हणत, "माझं औषध चिमूटभर. बाकी सगळं तुमच्या ताटात."

आणि एक प्रश्न त्या खाली आवाजात विचारत. "काही न करता वजन उतरलंय का? शौचाला काळं, डांबरासारखं होतं का?" त्याचे उत्तर हो आले, की त्या पुडी बांधायच्या थांबत.

आगारातला बस चालवणारा एक गाडीवान होता. पोट सुटलेला, आवाज भोंग्यासारखा, जेवणाच्या वेळा कधीच धड नसलेला. एकदा त्याचे उत्तर हो आले. वैद्यबाई उठल्या, त्याच्या दंडाला धरून त्याला पायऱ्यांपर्यंत घेऊन गेल्या.

"मोठ्या इस्पितळात जा. आज. आत्ता."

"बाई, आधी एक आठवडा तुमचं चूर्ण घेऊन बघतो ना."

"या पायरीवर परत दिसलात तर पाणी टाकीन अंगावर! हे माझ्या चूर्णाचं काम नाही. कळतंय का?"

तो गेला. पोटात जखम होती, वेळेवर सापडली. तीन महिन्यांनी तो बरा होऊन आला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असे म्हणाला, "या बाईनं मला हाकललं म्हणून मी जिवंत आहे." त्या दिवशी माझ्या काठावर बसलेल्या धुळीलासुद्धा अभिमान वाटला असेल.

अशी बावीस वर्षे गेली. नावाजले जाणे मला ठाऊक आहे. लांबून आलेले लोक मला हात लावून बघत. पण त्या बावीस वर्षांत रोज घडणारी एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. मागच्या खोलीतून दुपारी बाराला हाक येई, "वहिनी, ताट वाढलंय." पुढच्या खोलीतून उत्तर जाई, "आलेच." बाकावर अजून सहा माणसे असत. मग आठ. ताट झाकले जाई, थंड होई. तीन-साडेतीनला वैद्यबाई आत येत आणि ओट्याशी उभ्या राहून, एका हातात पुढच्या रोग्याचा कागद धरून, चार घास पोटात ढकलत. भिंतीवर लिहिलेल्या चार शब्दांपैकी एकही त्यांच्या स्वतःच्या जेवणाला लागू नव्हता.

मग ती दुपार आली. नणंद बाजारात गेली होती. वैद्यबाईंनी दार लोटले, माझ्यासमोर बसल्या आणि स्वतः बत्ता हातात घेतला. ज्येष्ठमध, आवळकाठी, धने. जळजळीवरचे साधे चूर्ण. ते त्यांनी गाळले, एका लहान डबीत भरले आणि डबी पुस्तकांच्या मागे ठेवली.

मी काही मनात आणले नाही. पोट कुणाचे बिघडत नाही?

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा बसल्या. मग आठ दिवसांनी. मग दर दोन दिवसांनी. मित्रांनो, दगडाला डोळे नसतात, पण हात ओळखता येतो. बत्त्यामागे माणसाचे किती वजन आहे, ते मला पहिल्या घावाला कळते. वैद्यबाईंचा हात हलका होत चालला होता. आधी दहा घावांत मोडणारी ज्येष्ठमधाची काडी आता तीस घाव घेई. एकदा त्यांनी मध्येच बत्ता थांबवला, त्याच्या टोकावर कपाळ टेकले आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या. त्यांचा श्वास माझ्या पोकळीत घुमत होता. त्या श्वासाला आंबट, शिळा वास होता.

मला ओरडायचे होते. जे त्या रोज दहा जणांना विचारत होत्या, ते त्यांना कुणीतरी विचारा, असे गल्लीभर ओरडायचे होते. पण मी दगड. मला कुटता येते, बोलता येत नाही. आणि सगळ्यात वाईट हे, की ज्या चूर्णाने जळजळ झाकली जात होती, आणि झाकली जाते म्हणून दिवस पुढे ढकलता येत होते, ते माझ्याच पोटात तयार होत होते.

नणंदेला कळायला दोन महिने लागले. वैद्यबाईंच्या मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागले होते. कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसत होते. विचारले, की "दगदग झालीय जरा" एवढेच उत्तर. मग एके दिवशी पुस्तकांवरची धूळ झटकताना तिच्या हाताला ती डबी लागली.

ती डबी घेऊन आली आणि माझ्या शेजारी ठेवली. वैद्यबाई टेबलाशी होत्या. बाक रिकामा होता.

"वहिनी, हे कुणाचं?"

"एका बाईचं आहे."

"कोण बाई?"

"तुमच्या ओळखीची नाही."

नणंद बाकावर जाऊन बसली नाही, उलट टेबलासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात, बावीस वर्षे मागच्या खोलीतून ऐकलेले प्रश्न एकेक करून विचारू लागली.

"त्या बाईला भूक लागते?"

"नाही."

"चार घासांत पोट भरल्यासारखं होतं?"

"होतं."

"वजन उतरलंय?"

वैद्यबाईंनी कोपराकडे सरकलेले घड्याळ ओढून मनगटावर आणले.

"शौचाला काळं होतं का, वहिनी? डांबरासारखं?"

रस्त्यावरून एक बस गेली. तिचा आवाज पार विरून गेला तरी उत्तर आले नाही.

"मग त्या बाईला चूर्ण का देताय?" नणंदेचा आवाज फाटला. "त्या गाडीवानाला पायरीवरसुद्धा थांबू दिलं नव्हतंत. ही बाई काय वेगळी आहे?"

"ती घाबरलीय, वन्सं," वैद्यबाई म्हणाल्या. "तिला ठाऊक आहे काय निघेल ते. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिची छाती नाही."

"पण…"

"आणि लोक काय म्हणतील? हिला स्वतःचं पोट सांभाळता आलं नाही, ही आमचं काय सांभाळणार? पंधरा दिवस द्या मला. पथ्य नीट करते. नाही बरं वाटलं, तर तुम्ही म्हणाल तिथे येते."

नणंदेने आयुष्यात वहिनीचा शब्द कधी मोडला नव्हता. तिने पंधरा दिवस दिले. ते पंधरा दिवस मला आजही पुसून टाकावेसे वाटतात. त्या दिवसांत वैद्यबाई वेळेवर जेवायला बसल्या. ताट गरम, अन्न ताजे, पाटावर मांडी घालून. नणंद समोर बसून घास मोजायची. एक. दोन. तिसऱ्या घासाला वैद्यबाई उठून मोरीकडे धावायच्या. बावीस वर्षे जे करायला हवे होते, ते त्या आता जिवाच्या आकांताने करत होत्या, आणि पोट ते परत फेकत होते. तरीही सकाळी बाकावर माणसे येत, आणि त्या भिंतीला टेकून त्यांना विचारत, "भूक लागते का?"

सोळाव्या दिवशी नणंद म्हणाली, "चला."

"आठ दिवस आणखी," वैद्यबाई म्हणाल्या. आणि त्या माझ्यासमोर बसल्या. ज्येष्ठमधाच्या काड्या माझ्यात टाकल्या. बत्ता उचलायला गेल्या, तो उचलला जाईना. दोन्ही हातांनी धरला, तरी उचलला जाईना. त्या माझ्यावर वाकून रडू लागल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही कुटा. एवढं कुटून द्या मला."

नणंद पुढे आली. तिने बत्ता काढून कोपऱ्यात फेकला. मग वाकली आणि मला उचलले. मित्रांनो, मी दोन माणसांनी उचलायचा दगड. तिने मला एकटीने छातीशी धरले, ज्येष्ठमधाच्या काड्यांसकट दारापर्यंत नेले आणि पायऱ्यांवरून सोडून दिले.

पहिल्या पायरीवर मी आदळलो. दुसऱ्या पायरीवर माझ्या आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. तिसरीनंतर मी रस्त्यात पडलो होतो, आणि माझ्या काठापासून तळापर्यंत रेघ उमटली होती.

दारात उभी राहून नणंद किंचाळली, "आता कशात कुटशील? सांग, कशात कुटशील? मला तू हवी आहेस गं! तुझं चूर्ण नको, तुझा दवाखाना नको. तू हवी आहेस!"

इतक्या वर्षांत ती वहिनीला पहिल्यांदाच "तू" म्हणाली होती.

आगारातून लोक धावत आले. सगळ्यांच्या पुढे तो गाडीवान. त्याने एकदा रस्त्यातल्या माझ्याकडे पाहिले, एकदा दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिलेल्या वैद्यबाईंकडे पाहिले, आणि त्याचा भोंग्यासारखा आवाज एकदम बसला. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही मला काय म्हणाला होतात? आज. आत्ता. चला." त्याने कुणाची तरी मोटार मागून आणली. नणंदेच्या खांद्यावर हात टाकून वैद्यबाई तीन पायऱ्या उतरल्या आणि गाडीत बसल्या.

दाराला कुलूप लागले. कुणीतरी मला ढकलत ढकलत मागच्या अंगणात नळाजवळ आणून टाकले. नळ गळका होता. तेवीस दिवस थेंब माझ्यावर पडत राहिले आणि तड्यातून निघून जात राहिले. मी एकच गोष्ट मागत होतो. मला फोडल्याचा उपयोग होऊ दे.

उपयोग झाला, पण पुरा नाही. चोविसाव्या दिवशी दोघी परत आल्या. कुंपणापाशी जमलेल्या शेजाऱ्यांना नणंदेने सांगितले, "जठर जवळजवळ सगळं काढलं. पण गाठ यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणायला हवं होतं." एवढे बोलून ती आत गेली. 

वैद्यबाई त्यानंतर नऊ महिने जगल्या. सकाळच्या उन्हात नणंद त्यांची खाट माझ्या शेजारी आणून ठेवी. दर दोन तासांनी वाटीत भाताची पातळ पेज. एक चमचा, थांबायचे, मग दुसरा चमचा. कधी तो राहायचा, कधी नाही. नणंद न कंटाळता पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची.

एकदा माझ्या तड्यावर हात ठेवून वैद्यबाई म्हणाल्या, "वन्सं, याला कशाला फोडलंत? दगडाचा काय दोष?"

"मग काय फोडायला हवं होतं? तुझं डोकं?"

दोघी हसल्या. वैद्यबाईंना हसताना टाके दुखत होते, तरी हसल्या. मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "भूक लागणं म्हणजे नक्की कसं असतं, ते मी विसरलेय. आयुष्यभर लोकांना विचारत आले, आणि मला लागायची तेव्हा 'आलेच, आलेच' म्हणत राहिले."

जुने रोगी भेटायला येत. औषध कुणालाच मिळत नसे. पण वैद्यबाई प्रत्येकाला जवळ बसवून सांगत, "मी तुम्हाला सांगितलेलं सगळं खरं होतं. मी तेवढं पाळलं नाही. आणि मला भीती वाटली, ती लपवली. भीती वाटली तर सांगा कुणाला तरी. जवळच्या माणसाला सांगा." हे सांगताना त्यांना लाज वाटे, तरी त्या सांगत. मला वाटते, बावीस वर्षांत त्यांनी यापेक्षा अवघड काम केले नसेल.

शेवटच्या आठवड्यात पेजही बंद झाली. ओठांना पाण्याचा बोळा लावत नणंद विचारायची, "काय हवंय गं? काय करू?" पायऱ्यांवरच्या त्या दिवसापासून ती "तू"च म्हणत होती. वैद्यबाई म्हणायच्या, "जेवून घ्या, वन्सं." दुसरे काही नाहीच. एका भर दुपारी, बाराच्या सुमारास, त्या गेल्या.

त्यानंतर चार दिवस नणंद अंगणात आली नाही. शेजारणी आणून ठेवत ते ताट तसेच परत जाई. पाचव्या दिवशी ती आली. तिने स्वतः चूल पेटवली होती. हातात ताट, त्यात वाफाळणारा भात आणि पातळ वरण. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ नुसती भाताकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून आवाज आला. खऱ्या भुकेचा. तिने दचकून पोटावर हात दाबला, जणू चोरी पकडली गेली. वहिनी गेली आणि आपल्याला भूक लागते, याची तिला लाज वाटली. ती ओक्साबोक्शी रडली. आणि मग, रडता रडताच, तिने पहिला घास घेतला. तो गरम होता. तिने सगळे ताट संपवले.

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, की या गोष्टीतून काय घ्यायचे. सुंठ, ओवा, जिरे, हिंग, सगळे चांगले आहे. ताजे, गरम, भुकेपुरते जेवण त्याहून चांगले आहे. पण चूर्णाने दुखणे झाकू नका. आणि आपल्या घरात सगळ्यांना वाढणारे, सगळ्यांची विचारपूस करणारे जे माणूस आहे ना, त्याच्या ताटाकडे आज नीट पाहा. ते किती वाजता जेवते, उभ्याने जेवते का, त्याचे घड्याळ मनगटावर ढिले झाले आहे का. "काही नाही, जरा पित्त आहे," असे ते म्हणेल. तेव्हा पुन्हा विचारा. चिडले तरी विचारा. त्याला भीती वाटत असेल, तर त्याचा हात धरून त्याच्याबरोबर जा.

मला सगळे आधी कळले होते. मी दगड होतो, मला विचारता आले नाही. तुम्हाला येते.